वाचकांचे प्रश्न: परक्या भूमीवर फौज उतरवताना देश का कचरतात?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत. मागच्या अंकात मी श्रीलंकेतल्या भारतीय शांतिसेनेच्या दिवसांबद्दल थोडं लिहिलं होतं, तिथूनच हे प्रश्न उगवले असावेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी फौजेत रसदपुरवठ्याच्या कामात होतो. लढणाऱ्या पलटणीपर्यंत तांदूळ, डिझेल, दारूगोळा आणि औषधं पोचवायची, हे माझं काम. त्यामुळे युद्धाकडे मी ट्रकच्या बाजूने पाहतो. उत्तरंही त्याच बाजूने येतील.

प्रश्न: सर, मी राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाश्चात्त्य देशांनी युक्रेनला रणगाडे दिले, क्षेपणास्त्रं दिली, विमानं दिली, पैसा दिला. पण रशियाशी लढायला स्वतःची फौज एकाही सरकारने पाठवली नाही. आमचे प्राध्यापक म्हणाले, "शवपेट्यांची भीती." एवढंच कारण आहे का?

उत्तर: शवपेट्यांची भीती खरी आहे, पण ती शेवटची पायरी झाली. त्याआधी बरंच काही घडतं.

आधी युक्रेनपुरतं बोलू. दिलेला रणगाडा जळाला तर देणारा देश गप्प बसू शकतो, दुसरा पाठवू शकतो. पण त्या रणगाड्यात त्याच देशाचा मुलगा बसलेला असेल, तर गप्प बसण्याची सोय उरत नाही. उत्तर द्यावं लागतं, मग त्या उत्तराला प्रत्युत्तर येतं. समोर अण्वस्त्रं असलेला देश असेल तर ही साखळी कुठे थांबेल हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉं म्हणाले, की जमिनीवर सैन्य पाठवण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. दुसऱ्याच दिवशी जर्मनी आणि पोलंडसह अनेक मित्रदेशांनी आपण पाठवणार नसल्याचं जाहीर केलं. पुढे ब्रिटन आणि फ्रान्सने सैन्याची तयारी दाखवली तीही शस्त्रसंधीनंतरची.

पण समोर अण्वस्त्रं नसली तरी देश कचरतात. त्याचं कारण मला वर्गात कुणी शिकवलं नाही, ते रस्त्यावर कळलं.

विमान संध्याकाळी आपल्या तळावर परतून येतं. पायदळाचा सैनिक रात्री तिथंच झोपतो. तो झोपला की ती जागा राखावी लागते. व्हिएतनाममध्ये ८ मार्च १९६५ रोजी दानांग इथं अमेरिकेचे सुमारे ३,५०० मरीन सैनिक उतरले, ते लढाई करायला नव्हे, विमानतळाच्या राखणीला. राखण करायची तर कुंपणाबाहेरच्या टेकड्यांवर गस्त घालावी लागते. गस्तीवर गोळीबार झाला की तिच्या मदतीला आणखी तुकड्या. त्या तुकड्यांना आणखी तळ, त्या तळांना आणखी राखण. एप्रिल १९६९ मध्ये हा आकडा ५ लाख ४३ हजारांवर गेला होता. एका दिवसात कुणी ५ लाख माणसं पाठवायचं ठरवलं नव्हतं. प्रत्येक वेळी आधी पाठवलेल्यांच्या सुरक्षेसाठीच पुढची तुकडी गेली.

हे गणित मी लहान प्रमाणात हाताने केलेलं आहे. श्रीलंकेत पलाली विमानतळापासून जाफना शहर वीस किलोमीटरच्याही आत. पण १९८७ च्या ऑक्टोबरात तमिळ बंडखोरांशी लढाई सुरू झाल्यावर त्या रस्त्यावर माझ्या सहा शक्तिमान गाड्या काढायच्या म्हणजे पहाटे आधी रस्ता उघडणारी तुकडी चालत पुढे जायची. दोन्ही कडांनी जवान, हातात सळया, प्रत्येक मोरीपाशी थांबायचं. मोरीखाली कुणीतरी आडवं होऊन पाहायचं. नव्याने उकरलेली माती, ओढत नेलेली तार, रोज दिसणारं आणि आज न दिसणारं एखादं दगडांचं ढिगुळ. तेवढा रस्ता कापायला कधी कधी दुपार व्हायची. रस्ता उघडणाऱ्या त्या जवानांनाही जेवण लागायचं, पाणी लागायचं, आणि ते पुन्हा माझ्याच गाड्यांतून यायचं. म्हणजे मी नेत असलेल्या मालातला बराचसा वाटा तो माल सुरक्षित पोचावा म्हणून उभ्या असलेल्या माणसांच्याच पोटात जायचा. "दहा हजार सैनिक पाठवू" असं एखादा पुढारी म्हणतो तेव्हा मला त्यांच्या मागचे ट्रक, वाहनचालक, स्वयंपाकी, डॉक्टर, वायरलेसवाले आणि मोरीखाली आडवा झालेला तो जवान दिसतो.

आणि खरी गोष्ट अजून पुढेच आहे.

त्या रस्त्यालगत एका शाळेत विस्थापित कुटुंबं राहत होती. तिथल्या एक शिक्षिका एकदा माझ्या जीपसमोर येऊन उभ्या राहिल्या. साधारण पन्नाशीच्या, काखेत मुलांच्या हजेरीचं रजिस्टर. त्यात त्यांनी शाळेत राहणाऱ्या सगळ्यांची नावं लिहिली होती, घरवार, वयासकट. मला वाटलं तांदूळ मागतील. तांदूळ मागितलाच, पण नंतर रजिस्टरचं शेवटचं पान उघडून त्या इंग्रजीत म्हणाल्या, "ही तीन माणसं गेल्या आठवड्यात इथं वारली. मृत्यूची नोंद कुणाकडे करायची? कचेरी बंद आहे. तुमच्याकडेच ना?"

मी २७ वर्षांचा रसदीचा कॅप्टन. मला डाळीचा हिशेब येत होता. पण त्या बाईंच्या दृष्टीने ज्याच्या हातात बंदूक आणि रस्ता, त्याच्याच हातात कचेरी. त्यांचं चुकत नव्हतं. तिथली व्यवस्था आमच्या लढाईत मोडली होती आणि तिच्या जागी आता आम्ही उभे होतो. मी माझ्या वहीत तीन नावं आणि तारखा उतरवून घेतल्या, खाली सही केली. त्या सहीला कायद्यात काडीची किंमत नव्हती हे मला ठाऊक होतं. त्यांनी मात्र ती वही दोन्ही हातांनी धरून नीट वाचली आणि मान हलवली.

जमिनीवर फौज उतरवणं म्हणजे हे. बाँब टाकणाऱ्याला कुणी मृत्यूची नोंद विचारत नाही. जमिनीवर उभ्या राहिलेल्याला वीज विचारतात, पाणी विचारतात, भावकीची भांडणं सोडवायला सांगतात, आणि त्याला ते जमलं नाही की त्याच्यावर राग धरतात. इराकमध्ये अमेरिकेने २००३ साली तीन आठवड्यांत बगदाद घेतलं. मग तिथली फौज बरखास्त केली आणि त्या जागी स्वतः उभं राहावं लागलं. तिथून निघायला २०११ उजाडलं, तोवर जवळपास ४,५०० अमेरिकी सैनिक गेले होते. इराकी माणसं किती गेली त्याची मोजदाद लाखांत होते.

आता तुमच्या प्राध्यापकांच्या शवपेट्यांकडे येतो. केवळ आकड्याने सरकारं घाबरत नाहीत. आपल्याच सीमेवर शत्रू आला तर कुठलंही सरकार हजारो माणसं गमावायला तयार होतं, आणि लोकही साथ देतात. परक्या भूमीवर अडचण वेगळी असते. गेलेल्या सैनिकाच्या घरी एक पत्र जातं. त्यात एक वाक्य लिहावं लागतं: तुमचा मुलगा अमुक कारणासाठी गेला. ते वाक्य जिथं लिहिता येतं तिथं देश फारसे कचरत नाहीत. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये भाडोत्री बंडखोरांनी उठाव केला, तिथल्या अध्यक्षांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आपले छत्रीधारी सैनिक हुलुले विमानतळावर उतरले. काम काय, तर अध्यक्षांना वाचवायचं आणि बंडखोर हाकलायचे. काही तासांत राजधानी ताब्यात आली. तेव्हा दिल्लीत कुणी फार काथ्याकूट केला नाही.

आमच्या श्रीलंकेतल्या कामाचं वाक्य मात्र सारखं बदलत गेलं. २९ जुलै १९८७ ला करार झाला, तेव्हा आम्ही दोन बाजूंमध्ये उभे राहणारे शांतिसैनिक होतो आणि तमिळ वस्त्यांतून आमचं स्वागत झालं. ऑक्टोबरमध्ये त्याच वस्त्यांच्या गल्ल्यांतून आम्ही एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी लढत होतो. १९८९ च्या जूनमध्ये श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी आम्हाला चालते व्हा म्हणून सांगितलं. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे १,२०० भारतीय सैनिक गेले होते. जुलैमध्ये लिहिलेलं वाक्य ऑक्टोबरमध्ये खोटं ठरत होतं. हे ज्या देशाने एकदा अनुभवलं तो पुढच्या वेळी कचरणारच, आणि मी त्याला भित्रेपणा म्हणणार नाही.

प्रश्न: कर्नलसाहेब, मी निवृत्त शिक्षिका आहे. तुमचं म्हणणं पटतं, पण रवांडासारख्या ठिकाणी जगाने नुसतं पाहत बसावं का? कचरणं म्हणजे शहाणपण, हे मला मान्य नाही.

उत्तर: ताई, मलाही मान्य नाही, आणि वरचं उत्तर लिहिताना तोच विचार मनात होता.

३ आणि ४ ऑक्टोबर १९९३ ला सोमालियात, मोगादिशूच्या रस्त्यांवर, १८ अमेरिकी सैनिक मारले गेले. त्यांच्यापैकी एकाचा मृतदेह फरफटत नेतानाची दृश्यं साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली. अमेरिकेने सहा महिन्यांत सैन्य काढून घेतलं. ते सैन्य बाहेर पडल्यावर काही दिवसांतच रवांडात तुत्सी लोकांची कत्तल सुरू झाली. तिथं संयुक्त राष्ट्रांची सुमारे २,५०० माणसांची फौज आधीच होती. ७ एप्रिल १९९४ ला तिच्यातले बेल्जियमचे १० सैनिक मारले गेले. बेल्जियमने उरलेली तुकडी परत बोलावली. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने ती फौज वाढवण्याऐवजी २७० माणसांवर आणायचा ठराव केला. शंभर दिवसांत सुमारे ८ लाख लोक मारले गेले, बरेचसे कोयत्यांनी. कोयता चालवणारा माणूस शस्त्रसज्ज सैनिकासमोर थांबतो. तिथले सेनापती, कॅनडाचे जनरल दालेर, आणखी माणसं मागत होते. त्यांना ती मिळाली नाहीत. ज्यांनी दहा माणसं मारली त्यांना नेमकं माहीत होतं की दहा पुरेत.

हे मला व्हिएतनामपेक्षाही जास्त टोचतं. तिथं ते वाक्य लिहिता आलं असतं: तुमचा मुलगा एका शाळेच्या दारात उभा होता आणि आतली माणसं जिवंत राहिली.

मधला मार्ग म्हणून देश विमानं पाठवतात. कोसोव्होत १९९९ साली नाटोने सर्बियाविरुद्ध ७८ दिवस बाँबफेक केली. पहिल्याच दिवशी अध्यक्ष क्लिंटन यांनी आपला पायदळ उतरवून लढण्याचा इरादा नसल्याचं सांगून टाकलं. मला ते तेव्हाही चूक वाटलं होतं. पाठवायचं नसेल तर पाठवू नका, पण शत्रूला ते पहिल्याच दिवशी का सांगायचं? त्या काळात ८ लाखांहून अधिक लोकांना घरांतून हाकललं गेलं. वैमानिक सुरक्षित राहावेत म्हणून विमानं उंचावरून उडत होती, आणि १४ एप्रिलला जाकोविचाजवळ निर्वासितांचा तांडा लष्करी समजून त्यावर बाँब पडले. सत्तरच्या आसपास माणसं गेली. लढाईत नाटोचा एकही सैनिक शत्रूच्या हातून मेला नाही. धोका नाहीसा झाला नव्हता. तो सैनिकांच्या डोक्यावरून काढून ट्रॅक्टरवर बसलेल्या कुटुंबांच्या डोक्यावर ठेवला गेला होता.

प्रश्न: हे सगळं लोकशाही देशांचं झालं. हुकूमशहाला कुणाची भीती? तो हवी तेवढी माणसं पाठवू शकतो ना?

उत्तर: पाठवू शकतो, आणि पाठवतो. लोकशाहीत वेसण कायद्याची असते. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने अध्यक्षाला ६० दिवसांनंतर संसदेची मंजुरी लागते (अनेक अध्यक्षांनी त्यातून वाटा काढल्या, ते सोडा). जर्मनीत संसदेच्या मतदानाशिवाय सैनिक परदेशी मोहिमेवर जात नाही. तुर्कस्तानच्या संसदेत १ मार्च २००३ रोजी अमेरिकी फौजेला आपल्या देशातून इराककडे जाऊ देण्याच्या ठरावाच्या बाजूने २६४ आणि विरोधात २५० मतं पडली, तरी गैरहजर न राहता तटस्थ राहिलेल्यांमुळे आवश्यक बहुमत तीन मतांनी हुकलं आणि अमेरिकेला उत्तरेकडून इराकमध्ये फौज घालता आली नाही.

पण सत्ताधीश कितीही पोलादी असो, आयांना तो भितो. सोव्हिएत फौज डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात शिरली आणि १५ फेब्रुवारी १९८९ ला बाहेर पडली. मेलेले सैनिक जस्ताच्या बंद पेट्यांतून घरी यायचे आणि थडग्यावर मृत्यूची जागा कोरू दिली जात नसे. सुमारे १५,००० गेले. एवढं दडपूनही गावागावांत कळायचं ते कळलंच. आजचा रशियाही पाहा. सक्तीच्या भरतीतली शहरी मुलं पाठवण्याऐवजी जास्त पैसे देऊन कंत्राटी सैनिक, तुरुंगातले कैदी, आणि २०२४ पासून उत्तर कोरियाचे सैनिक. हेही कचरणंच आहे, फक्त त्याची किंमत गरिबांच्या आणि परक्यांच्या मुलांनी मोजायची.

प्रश्न: आपण परक्या युद्धात पडत नाही म्हणता, मग संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत आपले हजारो जवान आफ्रिकेत काय करतात? माझा भाऊ दक्षिण सुदानला जाऊन आला आहे.

उत्तर: भावाला माझा सलाम सांगा. फरक मुख्यतः संमतीचा आहे. तिथल्या सरकारची संमती असते, सुरक्षा परिषदेचा आदेश असतो, काम कागदावर लिहिलेलं असतं आणि खर्चाचा भार एका देशावर पडत नाही. श्रीलंकेनंतर भारताने ही रेघ बऱ्यापैकी पाळली. २००३ साली अमेरिकेने इराकसाठी भारताकडे एक अख्खी डिव्हिजन मागितली होती. बरीच चर्चा झाली, लोभ दाखवणारेही होते. १४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याने नकार दिला. मला त्या संध्याकाळी मनापासून बरं वाटलं.

निळी टोपी म्हणजे धोका नाही असं मात्र नाही. २००० साली सिएरा लिओनमध्ये कैलाहून नावाच्या गावी आपल्या गोरखा सैनिकांना बंडखोरांनी दोन महिन्यांहून अधिक काळ वेढून ठेवलं होतं. जुलैमध्ये ऑपरेशन खुकरी करून त्यांना सोडवावं लागलं.

प्रश्न: ड्रोन आल्यावर हा प्रश्नच संपणार नाही का?

उत्तर: ड्रोन घर उडवू शकतो. त्या घरात नंतर कुणी राहायचं हे तो ठरवू शकत नाही. युक्रेनमध्ये आकाश ड्रोननी भरलं आहे, तरी खंदकात माणसंच आहेत.

प्रश्न: मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत, की सुरुंगात गेलेल्या एका चालकाच्या घरी पत्र लिहिताना तुमचा हात थांबला. शेवटी काय लिहिलंत? (विचारणं योग्य नसेल तर क्षमा करा. माझा मुलगा फौजेत आहे.)

उत्तर: विचारणं योग्यच आहे.

दुसऱ्या नंबरच्या शक्तिमानवर तो होता. पहिली गाडी त्याच मोरीवरून गेली, ही गेली नाही. सैनिक गेल्यावर त्याच्या सामानाची मोजणी करायला तीन जणांची समिती बसते, फौजेत तिला कमिटी ऑफ ॲडजस्टमेंट म्हणतात. मी तिच्यात होतो. पत्र्याची पेटी उघडून एकेक वस्तू मोठ्याने सांगायची आणि दुसऱ्याने लिहायची. रेडिओ, एक. मनीऑर्डरच्या पावत्या, सात. अंगाचा साबण, नवा, वेष्टनासह, दोन. आम्हाला मिळणारा साबण तो वापरत होता आणि विकत घेतलेला घरी न्यायला ठेवला होता. लिहिणाऱ्याने विचारलं, "नवा लिहू?" मी म्हटलं, "नवा लिही."

त्या रात्री पत्राला बसलो. देशासाठी, असं लिहायला गेलो आणि थांबलो, कारण त्याच्या वडिलांनी "म्हणजे कशासाठी?" असं विचारलं असतं तर माझ्याकडे त्या आठवड्यात धड उत्तर नव्हतं. म्हणून मला जे नक्की माहीत होतं तेवढंच लिहिलं. तो दुसऱ्या गाडीवर होता. सकाळी निघण्याआधी त्याने स्वतः सगळ्या चाकांची हवा पाहिली होती. गाडीत पलटणीचा तांदूळ आणि औषधं होती, आणि चार पोती वाटेवरच्या शाळेतल्या माणसांसाठी होती.

महिन्याभराने अंतर्देशीय पत्र आलं. वडिलांना लिहिता येत नसावं, अक्षर शाळकरी मुलाचं होतं. सामान पोचल्याची पोच होती, आणि शेवटी एक ओळ, शाळेतल्या लोकांना तांदूळ मिळाला का?

मिळाला होता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीने चार पोती नेली, आणि त्या बाईंनी रजिस्टरमध्ये नोंद केली. मी तारखेसकट तसं कळवलं.